रिकाम्या हातांची पोरं

गाडीवान बैलांना थांबवताना ‘हो, हो’ असा आवाज देतो. तो आवाज कानावर पडला की आजही माझा पाय जमिनीवर दाबला जातो. रस्त्याने चालत असलो तरी दाबला जातो, आणि वर्गात शिकवत असताना खिडकीबाहेरून बैलगाडी गेली तरी दाबला जातो. मुलं हसतात. एकदा एका धीट मुलाने विचारलंही, “सर, पायाला मुंग्या आल्या का?” मी नुसती मान डोलावली. खरं सांगायला बसलो असतो तर तास पुरला नसता, कारण मग गोदाकाकूंपासून सुरुवात करावी लागली असती.

गोदाकाकू आमच्या नात्यातल्या कुणी नव्हत्या. त्या पाटलांच्या सूनबाई आणि आम्ही गावाबाहेर माळावर राहणारे मेंढरंवाले. आमचं गाव हसनाबादपासून दोन कोसांवर, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात. गावात पाटलांचा शब्द चाले, पण पाटलांच्या घरात कुणाचा चाले हे सांगणं कठीण होतं. थोरले पाटील, म्हणजे काकूंचे सासरे, त्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा. तात्या ओसरीवर बसून हुकूम सोडत, काकू आतल्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहत, आणि पुष्कळ वेळा शेवटी काकूंच्या मनासारखं होई.

काकू उंच आणि किरकोळ अंगाच्या होत्या. कपाळ मोकळं. घरात त्यांचा आवाज ऐकू येत नसे, पण शेतात तोच आवाज ओढ्यापलीकडे जाई. पदराचं टोक दातात धरून त्या अनवाणी ढेकळांतून चालत, आणि त्यांच्या हातांना कायम घासलेटाचा वास येई. राखेने हात घासून घासून त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, तरी तो वास जात नव्हता. बायका पाणवठ्यावर नाकाला पदर लावून म्हणत, “आली पाटलीण, दिवा लावा गं!” काकू हसून घागर भरत आणि निघून जात.

हा वास इंजनाचा होता. ट्रॅक्टर हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता, सगळे इंजनच म्हणत. कुणा जहागीरदाराने ते हौसेने आणलं होतं, आणि हौस फिटल्यावर काकूंच्या नवऱ्याने, रंगनाथरावांनी, ते विकत घेतलं होतं. मी पाहिलं तेव्हा ते म्हातारं झालं होतं. मागची लोखंडी चाकं माणसाच्या खांद्याला लागतील एवढी, त्यांवर दातांसारख्या पट्ट्या, आणि बसायला भोकं पाडलेली एक लोखंडी बैठक. पुढे हँडल घालून जोराने फिरवलं की ते खोकायला लागे. आमच्या ओढ्याकाठच्या काळ्या रानात कुंदा माजला होता. त्या गवताच्या मुळ्या इतक्या खोल जात की बैलांचा नांगर वरवर खरवडून निघे. ते रान फोडायचं म्हणून रंगनाथरावांनी इंजन आणलं, आणि त्याच रानात ते गेले.

ते गेले ते मी पाहिलेलं नाही, मी लहान होतो. पण गावातल्या प्रत्येकाकडून ते इतक्या वेळा ऐकलं की पाहिल्यासारखंच झालं आहे. रंगनाथराव बैलांचा मोठा जाणकार माणूस. शंकरपटाच्या शर्यतीत सुटलेली बैलजोडी ते एका ओढीत जागेवर उभी करत. त्या दिवशी इंजन बांधाच्या कडेने चाललं होतं आणि पुढे कठडा नसलेली विहीर होती. काकू भाकरी घेऊन बांधावर पोहोचल्या होत्या. इंजन विहिरीकडे वळलेलं रंगनाथरावांच्या ध्यानात आलं. थांबवायचं तर पायाखालचं पायडल दाबायचं, एवढंच काम होतं. पण जन्मभर जे केलं तेच त्यांच्या हातांनी केलं. दोन्ही हातांनी पुढचं वळवायचं चाक धरून त्यांनी ते छातीकडे ओढलं आणि मोठ्याने ओरडले, “हो राजा, हो, हो!” इंजन सरळ विहिरीत गेलं.

पुढे तात्यांनी गावातल्या सगळ्या जोड्या लावून ते बाहेर ओढून काढलं. त्याच्या वळवायच्या चाकाची वरची कड आतल्या बाजूला वाकली होती. लोक म्हणत, पडताना दगडावर आपटून वाकली असेल. काकू म्हणायच्या, ओढून वाकली.

ते मोडीत घालावं असं सगळ्यांचं मत होतं. काकू ऐकेनात. इंजन पांढरीतल्या, म्हणजे गावठाणातल्या, लिंबाखाली आणून ठेवलं. जालन्याहून माणूस आणून त्यांनी ते दुरुस्त करवून घेतलं आणि ते चालवायचं कसं हे स्वतः त्याच्याकडून समजून घेतलं. पण चालवणार कोण? बाईने नांगराला हात लावायचा नाही हा तर गावचा कायदाच. गडी तयार होते. काकूंनी एकेकाला बैठकीवर बसवलं आणि इंजन सुरू न करताच मागून अचानक ओरडल्या, “हो!” प्रत्येक गड्याने हातातलं चाक छातीकडे ओढलं.

तेव्हा काकूंनी ठरवलं की मोठी माणसं उपयोगाची नाहीत. “मोठ्यांच्या हातात बैल मुरलाय,” त्या म्हणायच्या. “पोरांचे हात अजून रिकामे हायेत.”

अशी आमची शाळा सुरू झाली. तोवर माझी दुसरी, पाटीवरची शाळा सुरूही झाली नव्हती. काकू वाटेत भेटेल त्या पोराला थांबवत. “दाव हात.” मग तळहात उलटा करून बोटांच्या बेचक्यात अंगठ्याने दाबून पाहत. कासरा धरून तिथे घट्टा पडलेला असतो. घट्टा लागला की, “जा रे बाबा, खेळ.” कुणब्यांची पोरं एकामागून एक नापास झाली. उरलो ते आम्ही, ज्यांच्या घरी बैल नव्हते: न्हाव्याचा एक पोरगा, सुताराची शेवंता आणि मी. माझा हात दाबून काकू खूश झाल्या. “बिरू, तुझ्या बापाची मेंढरं. मेंढराला कासरा असतो का?”

“न्हाई.”

“मंग तू बराबर हायेस.”

पहिले बरेच दिवस आम्हाला इंजनाला हात लावू दिला नाही. खळ्यावर एक बाज टाकलेली होती. तिच्यावर बसायचं, हातात चाळणीचं गोल कडं धरायचं, पायापुढे एक वीट ठेवायची. ते कडं म्हणजे चाक आणि वीट म्हणजे पायडल. काकू इकडे तिकडे काम करत फिरत, कधी शेण गोळा करत, कधी कोंबड्या हाकत, आणि आम्ही बेसावध असलो की मागून हाक येई, “हो!” पाय विटेवर दाबला गेला पाहिजे आणि हात जिथल्या तिथे राहिले पाहिजेत. पहिल्या दिवशी मी गोंधळून तोंडाने शीळ घातली. मेंढरं थांबवायची आम्हाला तीच सवय. काकू इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. “अरे, त्ये मेंढरू न्हाई! शिट्टी वाजवून राह्यला!” पण लगेच माझे हात पाहून त्या म्हणाल्या, “हात हलले न्हाईत पण ह्याचे. शिट्टी जाईल. हात महत्त्वाचे.”

जेवताना, नदीवर, देवळाच्या पायरीवर, कुठेही त्या हाक देत. आम्ही तिघं भर बाजारात पाय आपटायचो आणि लोक आम्हाला वेडे म्हणायचे.

शेवंताचं बसणं गावाला खपलं नाही. चावडीवरच्या म्हाताऱ्यांनी तात्यांकडे तक्रार नेली, की पोरीने नांगर धरला तर पाऊस रुसतो. आता तात्या सासरे आणि काकू सून. एकमेकांशी थेट बोलायची त्यांच्या घरात रीत नव्हती. मी मध्ये उभा असायचो. दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर, दोघांना एकमेकांचं सगळं स्वच्छ ऐकू येत असे, तरी बोलणं माझ्यातून जाई.

“बिरू, विचार तुझ्या काकूला. सुताराच्या पोरीला नांगरावर बसवलंय म्हणं?”

“काकू, तात्या विचारून राह्यले...”

“बिरू, मामंजींना सांग, पोर नांगरावर न्हाई. नांगर मागं हाय, पोर पुढं हाय. तिचं तोंड बी नांगराकडं न्हाई.”

तात्यांनी मिशीवर हात फिरवला. मग म्हणाले, “बिरू, सांग तिला, वकील व्हायला पाहिजे व्हतं.”

“मामंजींना सांग, सासऱ्यानं शिकवलं असतं तर झाले असते.”

तात्यांना हसू आवरेना, म्हणून ते उठून गोठ्यात गेले. शेवंता इंजनावर राहिली.

पण एका बाबतीत काकू चेष्टा चालू देत नसत. इंजनाला कुणी बैल म्हटलेलं त्यांना सहन होत नसे. एका पोळ्याला तात्यांनी मोठ्या मायेने इंजनालाही झूल घातली, पुढच्या नळकांड्याला गेरू लावला, गळ्यात घालावी तशी फुलांची माळ घातली आणि त्याला बैलांच्या रांगेत उभं करायला सांगितलं. घरातून काकू आल्या. एवढ्या लोकांत त्या कधी येत नसत. त्यांनी झूल काढली, पदराने गेरू पुसला. वाजंत्री थांबली. “बिरू, मामंजींना सांग,” त्या म्हणाल्या, “ह्याला पोळ्यात उभं करू नका. पूजा करायचीच तर दसऱ्याला करा. हत्यार हाय त्ये. ज्यानं ह्याला बैल म्हणलं त्यो गेला.” मला तो निरोप पुढे सांगावा लागला नाही. तात्यांनी मान खाली घातली होती.

त्या पोळ्याच्या रांगेत सगळ्यात देखणी जोडी सोपानची होती.

सोपान हा काकूंचा एकुलता एक मुलगा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. बाप गेला तेव्हा तो सहा-सात वर्षांचा होता. त्या दिवसांत काकूंना कशाचीच शुद्ध नव्हती, आणि पोराला रडू येऊ नये म्हणून तात्या त्याला गाडीत आपल्यापुढे बसवून दिवसभर हिंडवत. त्याच्या हातात कासरा द्यायचे. काकू भानावर आल्या तोवर सोपानच्या बोटांच्या बेचक्यात घट्टा पडला होता. तो बापासारखाच निघाला. त्याने नुसता कासरा हातात घेतला तरी अवखळ बैल कान टवकारून उभा राही. गाव कौतुक करी आणि काकू तेवढ्या वेळी तिथून उठून जात.

इंजनाचं हँडल फिरवायचं काम सोपानचं. आम्हा पोरांच्या अंगात तेवढा जोर नव्हता. हँडल काकूंच्या ताब्यात असे. त्या ते घरातून आणून त्याच्या हातात देत. तो घाम गाळून इंजन सुरू करी, हँडल आईला परत देई आणि बाजूला होई. मग काकू म्हणत, “चल बिरू, बैस.” कधी म्हणत, “चल शेवंता.” महायुद्धाच्या दिवसांत घासलेट मुश्किलीने मिळे, त्यामुळे इंजन उन्हाळ्यात थोडेच दिवस चाले. त्या थोड्या दिवसांची आम्ही वर्षभर वाट पाहत असू. आमच्यापेक्षा जास्त वाट सोपान पाहत असेल, हे मला तेव्हा कळत नव्हतं. बाप बसायचा त्या बैठकीवर न्हाव्याचं, सुताराचं, धनगराचं पोर बसतं आणि आपण बाजूला उभे राहतो, हे त्याला कसं वाटत असेल? त्याने आमचा राग कधी केला नाही. एकदा मी उतरल्यावर त्याने फक्त विचारलं, “चाकाची ती वाकलेली कड हाताला लागती का रं?”

“लागती.”

“गार असती का?”

“चालून चालून गरम व्हती.”

तो आपल्या तळहातांकडे बघत निघून गेला.

मग एका संध्याकाळी, आम्ही बाजेवर सराव करत असताना, तो काकूंपुढे येऊन उभा राहिला. दोन्ही तळहात पुढे केले. म्हणाला, “माय, माझ्या हातातला बैल काढ.”

काकूंनी त्याचे हात हातात घेतले. घट्ट्यावरून अंगठा फिरवला. “निघतो का न्हाई, मला म्हाईत न्हाई,” त्या म्हणाल्या.

“काढून तर बघ.”

त्या दिवसापासून सोपानने कासरा सोडला. वर्षभर तो गोठ्यात गेला नाही. बाजारला पायी गेला, पाहुण्यांकडे पायी गेला. त्याची जोडी त्याला पाहून हंबरायची तेव्हा तो दुसरीकडे तोंड करायचा. तात्यांना हे फार लागलं. “बिरू, सांग तुझ्या काकूला, माझा नातू गोठ्यातून काढला तिनं.” रोज दिवस मावळताना सोपान बाजेवर बसे. एवढा मोठा, मिसरूड फुटलेला मुलगा चाळणीचं कडं धरून बसलेला पाहून लोक हसत. सुरुवातीला काकूंची हाक आली की त्याचे हात छातीकडे यायचेच. मग ते नुसते थरथरू लागले. मग तेही थांबलं. घट्टा मऊ पडत पडत नाहीसा झाला. काकू मात्र रोज हात दाबून पाहत आणि म्हणत, “अजून हाय.” आम्हाला तो दिसत नव्हता.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात काकूंनी त्याला बसू दिलं. ओढ्याकाठचं तेच रान होतं. सोपानने स्वतःच हँडल फिरवलं, आईला दिलं, आणि या वेळी बाजूला न होता वर चढला. आम्ही तिघं बांधावर उभे होतो. काकू नेहमीसारख्या इंजनाच्या बरोबरीने ढेकळांतून चालत होत्या. त्याने एक फेरी घेतली, दुसरी घेतली. मागे नांगराचे तास सरळ सुतात निघत होते. तिसऱ्या फेरीला इंजन विहिरीच्या बांधाकडे आलं. अजून पुष्कळ अंतर होतं. काकू मागे राहिल्या होत्या, आणि तिथून त्या जीव खाऊन ओरडल्या, “हो!”

सोपानचा पाय खाली गेला. हात जागचे हलले नाहीत. इंजन जागेवर उभं राहिलं.

शेवंताने टाळ्या वाजवल्या. मी तर नाचायलाच लागलो. सोपानने वळून आईकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू मी पुन्हा कधी पाहिलं नाही. काकू चालत आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“उतर,” त्या म्हणाल्या.

“माय, दाबला की!”

“बघितलं मी. उतर.”

“मंग अजून काय पाहिजे?”

“आज मी व्हते हाक मारायला. इहीर हाक मारून येती का?”

सोपान बैठकीवरच बसून राहिला. काकू वळल्या, तडक विहिरीकडे गेल्या आणि हातातलं हँडल त्यांनी आत टाकून दिलं. पाण्यात पडल्याचा आवाज आम्हाला बांधावर ऐकू आला. मग सोपान उतरला. आईसमोर उभा राहिला. रागाने नाही, अगदी हळू म्हणाला, “माय, तुला माझ्या हाताची भीती न्हाई. माझ्या तोंडाची हाय. तिथं बसलो की मी बापावानी दिसतो.”

दुसऱ्या दिवशी सोपान घरात नव्हता.

आमची शाळा संपली. बाज खळ्यावर पडून राहिली, इंजन लिंबाखाली. त्याच्या बैठकीवर कोंबड्या बसू लागल्या. काकूंनीच माझ्या बापाच्या मागे लागून मला शाळेत घालायला लावलं. बाप म्हणाला, मेंढरं कोण राखील? काकू म्हणाल्या, “ज्याला हात जागेवर ठेवता येत्यात, त्याला अक्षर येतंच.” घराण्यात पहिल्यांदा कुणी पाटी हातात घेतली ती मी, आणि पुढे शिकत शिकत पदवीपर्यंत गेलो. त्यांचं ते ऋण मोठं आहे. पण तेव्हा हसनाबादच्या शाळेतून मी परत येई तेव्हा काकू पहिला प्रश्न अभ्यासाचा विचारत नसत. “वाटंत कुणी भेटलं?” एवढंच विचारत.

एकदा खरंच खबर आली. बांगड्यावाले बाबूमियाँ जालन्याचा बाजार करून गावात आले आणि पाटलांच्या दारात टोपली टेकवत ओरडले, “अम्मा! तुमारे सोपान कू देख्या मैं! लारी चलाताय, लारी! ये बड़ी!”

काकू धावत बाहेर आल्या. तो कसा आहे, जेवतो कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “थांबवली कशी? हात वडला का पाय दाबला?”

बाबूमियाँ गोंधळले. “अरे अम्मा, गाड़ी रुक गई, बस. पाँव कू कौन देखताय?”

काकू उंबऱ्यावर बसल्या. बाबूमियाँ टोपली उचलून गेले. मग काकू स्वतःशीच म्हणाल्या, “त्यानं पाय बराबर दाबला व्हता.”

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाच्या राज्यात गडबड, लुटालूट माजली, वाटा बंद झाल्या. आमच्या बाजूची गावं एकेक करून रिकामी होऊ लागली. लोक हद्द ओलांडून वऱ्हाडात जात होते. पावसाळ्यात आमच्या गावानेही निघायचं ठरवलं. माझा बाप मेंढरं घेऊन आधीच पुढे गेला होता. तात्यांनी आपल्या गाडीत माझ्या आजीला आणि आम्हा पोरांना घेतलं. गाडी पाटलांच्या दारात उभी होती, आणि काकू उंबऱ्यावर.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नेहमीप्रमाणे मध्ये जाऊन उभा राहिलो. पण त्यांनी मला हाताने बाजूला केलं.

“सूनबाई,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. “गाडीत बैस.”

काकूंनी पदर पुढे ओढला, पण उत्तर थेट दिलं. “मामंजी, तुमी जावा. तो आला तर दाराला कुलूप दिसंल.”

“येईल तवा येईल. आदी जीव वाचव. तो काय लहान हाय?”

“एकदा त्याला उतर म्हणले मी, मामंजी. आता दारातून बी माघारी फिरवू का?”

तात्यांनी हात पुढे केला आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला. मग ते गाडीवर चढले. मी चढत असताना काकूंनी मला थांबवलं. माझा हात उलटा करून त्यांनी बेचक्यात दाबून पाहिलं, सवयीने.

“बिरू, तू शिकून राह्यला. चार गावं फिरशील. कुठं भेटला तर सांग त्याला, पाय बराबर दाबला व्हता. मी बघितलं व्हतं.”

आम्ही वऱ्हाडात असतानाच काकू तापाने गेल्या. गावात चालता न येणारी एक म्हातारी मागे राहिली होती, तिने नंतर आम्हाला हे सांगितलं. शेवटपर्यंत त्यांनी दार लावू दिलं नाही. पाऊस आत यायचा, कुत्री आत यायची, तरी दार उघडंच होतं.

सगळं शांत झाल्यावर आम्ही परतलो, आणि थोड्या दिवसांनी सोपानही आला. ओढ्याच्या पलीकडे लारी उभी करून तो चालत गावात आला. आईचं त्याला वाटेतच कळलं होतं. मी त्याला काकूंचा निरोप सांगितला. त्याने तो परत सांगायला लावला. मी परत सांगितला. मग तो लिंबाखाली गेला, कोंबड्या हुसकावल्या आणि इंजनाच्या बैठकीवर चढून बसला. चाकाला त्याने हात लावला नाही. हात मांडीवर ठेवले आणि पायडलवर पाय दाबला. ते गंजून घट्ट झालं होतं, जागचं हलेना. तो दाबतच राहिला. दिवेलागणीला तात्या काठी टेकत आले आणि त्याला हाताला धरून घरात घेऊन गेले.

पण काकू आठवल्या की मला ना ते उघडं दार आठवतं, ना ते म्हातारं इंजन. मला ओढा आठवतो. त्या दिवशी गाव सोडताना काकू आम्हाला पोहोचवायला ओढ्यापर्यंत आल्या होत्या. पाणी गढूळ होतं आणि चढलं होतं. गाडी उताराला लागली आणि डावीकडचा बैल घसरला. गाडी एका बाजूला कलली. आजी किंचाळली. तात्या उभे राहिले, त्यांनी कासरा छातीपर्यंत ओढला आणि ओरडले, “हो! हो! हो!”

माझा पाय गाडीच्या फळीवर दाबला गेला. मी मागे वळून पाहिलं. काकू काठावर उभ्या होत्या, पदराचं टोक दातात, दोन्ही हात अंगालगत रिकामे. त्यांचा एक पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतला होता.

बैल थांबले, सावरले, आणि तात्यांनी कासरा सैल सोडला. गाडी पाण्यातून पलीकडच्या काठाला लागली, बाभळींच्या आड वळली. तोवर मी पाहत होतो. काकूंनी पाय वर घेतला नव्हता.